वानर मेलेलं दिसलं, कळवायचं कुणाला?

तिळारीकाठ
१० फेब्रुवारी, रात्री ९.४०

काल रविवारी सकाळी सातला आईचा गावाहून फोन. दोडामार्ग तालुक्यात आमचं घर, घरामागे काजीची बाग आणि बागेला लागूनच रान. "खालच्या काजीकडे वानर मेललो आसा. कुत्र्यान फाडललो दिसणा नाय, कोणी मारललो दिसणा नाय. निजल्यासारखो पडलो हा."

मी पुण्यात. तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते "आये, हात लावू नको, थंयसून घराक ये." आमच्या तालुक्यात २०१६ पासून माकडतापाने (गोचीड चावून होणारा ताप) माणसं गेली आहेत. आमच्याच वाडीतली एक काकी २०१७ च्या मार्चमध्ये आठ-दहा दिवसांच्या तापात गेली. काजूचा हंगाम होता, ताप अंगावर काढत ती चार दिवस बिया गोळा करत राहिली होती.

मग मी फोन लावत बसलो. वनखात्यातल्या माणसाने सांगितलं, मेलेलं जनावर आम्ही नेऊ, पण नमुना घेणं पशुवैद्यकाचं काम. गुरांच्या दवाखान्यात सांगितलं, वन्यप्राणी आहे, वनखात्याच्या पत्राशिवाय हात लावता येत नाही. आरोग्य केंद्रात विचारलं, घरात कुणाला ताप आहे का? नाही? मग ताप आला की घेऊन या. तिघंही माझ्याशी नीट बोलले, एकही जण उर्मट नव्हता. दुपारी दोनपर्यंत वानर तिथेच होतं आणि ऊन चढत होतं.

दोन प्रश्न आहेत. पहिला तातडीचा, अशा वेळी नेमकं काय करायचं? दुसरा मला काल रात्रभर छळत होता. गोचीड वानराच्या अंगावरून पातेऱ्यात, म्हणजे पडलेल्या सुक्या पानांत उतरते, पातेऱ्यातून माझ्या आईच्या पायावर चढते. तिला वनखातं, पशुसंवर्धन आणि आरोग्य यांच्यातली हद्द कळत नाही. मग आपण ती का आखून ठेवली आहे?

---

रानवाटा
१० फेब्रुवारी, रात्री ९.५५

आधी आईंचं सांगा. ताप, डोकेदुखी काही आहे का? त्या वानराच्या किती जवळ गेल्या होत्या?

---

तिळारीकाठ
१० फेब्रुवारी, रात्री १०.०२

दहा-बारा पावलांवरून परत फिरली. अंघोळ केली, लुगडं उकळत्या पाण्यात टाकलं. अजून काही त्रास नाही.

---

गावचा_डॉक्टर
१० फेब्रुवारी, रात्री ११.२०

मी सिंधुदुर्गात काही वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गोचीड चावल्यापासून साधारण ३ ते ८ दिवसांत ताप येतो. तोही हळूहळू चढणारा नव्हे. सकाळी कामाला गेलेला माणूस दुपारी थंडी वाजून आडवा होतो. कपाळ फुटेल असं डोकं दुखतं, कंबर आणि पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात, उलट्या होतात. काहींच्या हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं. बरेच जण बरे होतात, पण १० ते २० टक्के रुग्णांना आठवड्या-दोन आठवड्यांनी तापाचा दुसरा फेरा येतो. त्यात मान ताठ होणं, हातपाय कापणं, बरळणं अशी लक्षणं दिसतात. शंभरातले तीन ते पाच दगावतात. नेमकं औषध नाही. सलाईन, रक्तदाबावर नजर आणि वेळेत दाखल होणं यावरच माणूस वाचतो. तापाला पॅरासिटामॉलच द्यायचं. दुखण्याच्या इतर गोळ्या दुकानातून आणून खाऊ नयेत, रक्तस्राव वाढतो.

डॉक्टरकडे गेलात तर पहिल्याच वाक्यात सांगा, "रानात जातो आणि जवळ वानर मेलं होतं." नाहीतर फेब्रुवारीतला ताप म्हणून मलेरियाची नळी भरली जाते आणि चार दिवस फुकट जातात. पहिल्या आठवड्यात रक्तात विषाणूच सापडतो, नंतर प्रतिपिंडं बघावी लागतात. म्हणून ताप कोणत्या दिवशी आला ते लिहून ठेवा.

हा आजार माणसापासून माणसाला होत नाही. गावात एखाद्या घरी रुग्ण निघाला की त्या घरचं पाणी पिणं बंद होतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. कृपया तसं करू नका.

मेलेल्या वानराभोवती ५० फुटांपर्यंत मेलॅथिऑनची पावडर मारतात. जनावर थंड पडलं की अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि तिथेच पातेऱ्यात दबा धरून बसतात. त्यामुळे वानर उचलून नेलं म्हणजे काम झालं असं समजू नका. ती जागाच महिनाभर तरी टाळा.

---

आंबेवाला
११ फेब्रुवारी, सकाळी ७.१०

स्पष्ट लिहितो, राग येईल कुणाला तर येवो. वानरांनी आणि लाल तोंडाच्या केल्ड्यांनी आमची वर्षाची कमाई खाल्ली आहे. केळी गेली, माडाची शहाळी गेली, आता कोवळा काजूही तोडून टाकतात. त्यात वर हा रोग. मेली तर मेली, उरलेल्यांचाही सरकारने एकदा बंदोबस्त करावा. माणूस महत्त्वाचा की माकड?

---

रानवाटा
११ फेब्रुवारी, सकाळी ८.३०

आंबेवाला, तुमचं नुकसान खरं आहे आणि त्याची भरपाई नीट मिळत नाही हेही खरं. पण माकड या रोगाचं घर नाही. ते आपल्याइतकंच बळी पडतं. विषाणू रानात उंदीर, चिचुंदऱ्या आणि गोचिडी यांच्यात फिरत असतो. माकड रानाच्या जमिनीवर उतरतं, त्याला गोचीड चावते आणि ते आपल्याआधी मरतं. म्हणून तर आपल्याला कळतं की इथे विषाणू आलाय. उद्या सगळी माकडं संपवली तर गोचिडी राहतीलच, फक्त सांगणारं कुणी उरणार नाही.

---

जुनी_पानं
११ फेब्रुवारी, सकाळी १०.१५

याचा इतिहास पुण्याशी जोडलेला आहे, म्हणून लिहितो. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूर रानाच्या आसपास माकडं पटापट मरायला लागली आणि पाठोपाठ गावकरी तापाने आजारी पडले. पुण्यात १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र सुरू झालं होतं, आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. तिथली मंडळी धावत गेली, कारण माकडं मरतात आणि माणसं तापतात म्हटल्यावर पहिली भीती पीतज्वराची होती. तो भारतात आला असता तर हाहाकार झाला असता. निघाला तो नवाच विषाणू, आणि त्याला त्या रानाचं नाव मिळालं.

मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की डॉक्टर, पक्षी आणि प्राणी अभ्यासणारे, कीटक ओळखणारे, सगळे एकाच तळावर राहून काम करत होते. माणसाचं रक्त, माकडाचं काळीज आणि पातेऱ्यावर फडकं ओढून गोळा केलेल्या गोचिडी, सगळं एकाच टेबलावर. सत्तर वर्षांपूर्वी आपण हे केलेलं आहे.

---

शंकेखोर
११ फेब्रुवारी, दुपारी १.००

आता कुणीतरी लिहिणारच की रान तोडलं म्हणून रोग आला, म्हणून आधीच विचारतो. पुरावा काय? पूर्वी रानात माणूस तापाने गेला तर "बाधलं" म्हणून नारळ देऊन मोकळे होत होते. तपासणी वाढली म्हणून रुग्ण दिसायला लागले असं का नसेल? कच्छ-सौराष्ट्रात फार पूर्वी तपासलेल्या रक्तातही या विषाणूसारखी प्रतिपिंडं सापडली होती, तिथे कुठे सदाहरित रान आहे?

---

गोठा_आणि_गुरं
११ फेब्रुवारी, दुपारी ४.४५

शंकेखोर, प्रश्न रास्त आहे. मी पशुवैद्यक आहे, माझ्या बाजूने सांगतो.

तपासणी वाढली हे खरंच. पण रान तोडणं आणि रोग यांच्यात जो धागा आहे तो गुरांमधून जातो. १९६० च्या दशकात सोरब-सागर भागात काम करणाऱ्या संशोधकांनी हेच मांडलं होतं. दाट रान साफ करून शेत काढलं की कडेला घाणेरीची झुडपं माजतात. त्या कडेला गुरं चरतात. हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा जातीची पूर्ण वाढलेली गोचीड गुरांवर पोट भरते आणि मादी खाली पडून हजारो अंडी घालते. गुरांना हा आजार होत नाही, विषाणू त्यांच्यामुळे फारसा पुढेही जात नाही. पण गोचिडींची पैदास बेसुमार होते. पावसाळ्यानंतर अंड्यांतून पिल्लं निघतात, ती उंदीर आणि माकडांवर चढतात. मग डिसेंबरपासून मेपर्यंत मधली अवस्था, तिळाएवढी गोचीड, माणसाला चावते. नेमके आपले काजूचे आणि पातेरा गोळा करायचे दिवस. म्हणजे रोग रानाच्या पोटातून येत नाही, रानाच्या फाटलेल्या काठावर वाढतो. दोडामार्गात रबर आणि अननसासाठी डोंगरच्या डोंगर बोडके झाले, तिथे असे काठ किती तयार झाले असतील बघा.

आता धागाकर्त्याच्या तक्रारीबद्दल. वन्यजीव कायदा १९७२ चा आहे आणि वनखात्याला विचारल्याशिवाय आम्ही वानराला चिमटाही लावू शकत नाही, हे त्या डॉक्टरांनी खोटं सांगितलं नाही. मी स्वतः असं शवविच्छेदन केलंय. पत्र यायला दीड दिवस लागला. उन्हात दीड दिवस पडलेल्या वानराच्या मेंदूचं जे होतं त्यातून प्रयोगशाळेला काही मिळत नाही. अहवाल आला, "नमुना तपासण्यायोग्य नाही." त्यानंतर बारा दिवसांनी त्याच वाडीतला गुराखी दाखल झाला. तो वाचला, पण तो अहवाल माझ्या डोक्यातून जात नाही.

---

काजूबोंडू
११ फेब्रुवारी, सायंकाळी ६.३०

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली. आमच्या पाळी गावात २०१५ साली ताप आला तेव्हा कुणाला नावही ठाऊक नव्हतं.

काजू गोळा करणं म्हणजे काय ते शहरातल्यांना सांगते. बोंडू, म्हणजे काजूचं फळ, पिकून खाली पडतो, वर पातेरा असतो. वाकून, कधी उकिडवं बसून हाताने पातेरा बाजूला करत जायचं, बोंडू उचलायचा, पिळून बी वेगळी करायची. बोंडू हुर्राकाच्या (काजूच्या दारूच्या) डब्यात, बी पिशवीत. सकाळी सहापासून दहापर्यंत हात कोपरापर्यंत पातेऱ्यात असतात. संध्याकाळी अंघोळीला बसलं की गुडघ्यामागे, कमरेच्या नाडीखाली, काखेत बारीक बारीक ठिपके लागतात. नखाने ओढायचे नाहीत, चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ वर ओढायचे. हे आम्हाला नंतर शिकवलं.

आणि पातेऱ्याचं आणखी एक. आमच्याकडे आणि तुमच्याकडेही पातेऱ्याचे भारे बांधून घरी आणतात, गोठ्यात अंथरायला आणि तरव्याची (भाताच्या रोपांची) जागा भाजायला. ज्या रानात वानर मेलंय तिथला पातेरा घरी आणणं म्हणजे गोचिडी डोक्यावर घेऊन येणं. जाग्यावरच ठेवा.

गोचीड चावू नये म्हणून आंगाला लावायचं तेल आरोग्य केंद्रातून मिळतं. पाय, मान, हात, सगळीकडे लावा. घाम आला की उतरतं, परत लावावं लागतं. बाटली बागेत न्या.

---

आंबेवाला
११ फेब्रुवारी, सायंकाळी ७.०५

काजूबोंडू ताई, पातेऱ्याचं ठाऊक नव्हतं. माझ्याकडे कामाला येणाऱ्या बायका रोज संध्याकाळी एकेक भारा घरी नेतात, मीच सांगतो घेऊन जा म्हणून. उद्या सकाळी बोलतो त्यांच्याशी.

---

घाटावरचा
११ फेब्रुवारी, रात्री ८.५०

याची लस होती ना? कर्नाटकात देत होते असं ऐकलंय.

---

गावचा_डॉक्टर
११ फेब्रुवारी, रात्री ९.२०

होती. १९९० पासून देत होते. महिन्याच्या अंतराने दोन डोस, मग सहा ते नऊ महिन्यांनी आणखी एक आणि पुढे दरवर्षी. दोन डोसांनंतरही संरक्षण सुमारे ६२ टक्के, वर दंड दुखायचा, म्हणून लोक दुसऱ्या डोसाला येत नसत. २०२२ मध्ये ती बंद झाली. नव्या लशीचं काम सुरू आहे. तोपर्यंत तेल, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मेलेल्या वानराची वेळेत खबर, एवढंच आपल्या हातात आहे.

---

गिधाडमित्र
११ फेब्रुवारी, रात्री १०.४०

थोडं अवांतर, पण विषय हाच आहे.

लहानपणी आमच्या गावाबाहेर ढोरफोडीच्या जागेवर गिधाडं उतरायची. बैल मेला तर तासाभरात हाडं उरायची. मग ती दिसेनाशी झाली. भरतपूरच्या केवलादेवमध्ये नव्वदच्या दशकात अभ्यासकांच्या लक्षात आलं की गिधाडं माना टाकून बसतात आणि मरतात. कारण सापडलं २००४ मध्ये, डायक्लोफेनॅक. गाईचा पाय दुखतो म्हणून दिलेलं इंजेक्शन. गाय मेली, गिधाडाने खाल्ली आणि त्याची किडनी निकामी झाली. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत हजारात एक उरली.

पुढे काय झालं? ढोरं सडत राहिली, भटकी कुत्री वाढली, पाणी नासलं. २०२४ साली दोन अर्थशास्त्रज्ञांनी जिल्हावार आकडे ताडून हिशेब मांडला की २००० ते २००५ या काळात गिधाडं नसल्यामुळे सुमारे ५ लाख माणसं जास्तीची दगावली. एका दुखण्यावरच्या इंजेक्शनापासून सुरू झालेली ही साखळी आहे. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. मेलोक्सिकॅम गिधाडांना चालतं आणि गाईचंही दुखणं थांबवतं. रायगडात म्हसळ्याजवळ चिरगावला गावकऱ्यांनी गिधाडांची घरटी राखली आहेत, एकदा जाऊन बघा.

---

घाटावरचा
११ फेब्रुवारी, रात्री १०.५२

धागा वानराचा, पंख गिधाडाचे! पण वाचताना अंगावर काटा आला. चालू द्या.

---

गोठा_आणि_गुरं
१२ फेब्रुवारी, सकाळी ६.५०

गिधाडमित्र, आमच्या पेशाने हे ओझं मान्य करायलाच हवं. स्वस्त होतं, लगेच गुण यायचा, आम्ही सर्रास टोचलं. आज तीच चूक प्रतिजैविकांची होते आहे. म्हशीला दगडी (कासेची सूज) झाली की कासेत औषध सोडतात आणि संध्याकाळचं दूध डेअरीत जातं. ठरलेले दिवस ते दूध ओतून द्यायचं असतं, पण हप्ता भरायचा असतो, मग कोण ओतेल? कोंबड्यांच्या खाद्यातल्या कोलिस्टिनवर २०१९ मध्ये बंदी आणावी लागली, कारण दवाखान्यात अत्यवस्थ माणसाला देण्यासाठी राखलेलं तेच शेवटचं औषध होतं.

---

वाहनगाव
१२ फेब्रुवारी, दुपारी २.३०

मी नेदरलँड्सच्या ब्राबांट भागात राहते. तुम्हाला वाटत असेल इथे असं होत नसेल, म्हणून लिहितेय.

इथे २००७ ते २०१० क्यू-तापाची साथ आली. दुभत्या शेळ्यांचे मोठे गोठे, त्यांत गाभण शेळ्या गाभडायच्या आणि तो जंतू वाऱ्याने गावात यायचा. ४ हजारांवर माणसांची नोंद झाली. शेळ्या कुठे गाभडतात ते पशुवैद्यकांना ठाऊक, न्यूमोनियाचे रुग्ण कुठे आहेत ते घरच्या डॉक्टरांना ठाऊक. पण शेतकऱ्याची खासगी माहिती म्हणून गोठ्यांचे पत्ते आरोग्यवाल्यांना सुरुवातीला मिळतच नव्हते. शेवटी २००९ च्या डिसेंबरात गाभण शेळ्या मारायचा निर्णय झाला, ५० हजारांवर शेळ्या गेल्या. आमच्या शेजारच्या आजोबांना तो ताप झाला होता, अजून जिना चढताना मध्ये थांबतात.

सरकारने नेमलेल्या समितीने ताशेरे ओढल्यावर आता दोन्हीकडचे तज्ज्ञ दर महिन्याला एकत्र बसतात आणि कुठे काय विचित्र दिसलं ते एकमेकांना सांगतात. त्याला मोठी इमारत लागली नाही, ठरलेला दिवस लागला.

---

शंकेखोर
१२ फेब्रुवारी, दुपारी ३.१५

गुरांमधून जाणारा धागा पटला. माझा आक्षेप "रान तोडलं की रोग" या सरळ रेषेवर होता. काठाचं म्हणणं वेगळं आहे आणि ते तपासता येण्यासारखं आहे.

नागपूरला २०२२ च्या डिसेंबरात एकल आरोग्य (माणूस आणि प्राणी यांचं आरोग्य एकत्र बघणाऱ्या) संस्थेची पायाभरणी झाली. इमारत होईल, चांगलंच आहे. पण आज महाराष्ट्रात वन्यप्राण्यासाठी १९२६, गुरांसाठी १९६२ आणि माणसासाठी १०४ असे तीन नंबर आहेत. धागाकर्त्याने वानरासाठी कोणता फिरवायचा? माझं मत, तिन्ही फिरवावेत आणि प्रत्येकाला सांगावं की बाकी दोघांना कळवलंय.

---

काजूबोंडू
१२ फेब्रुवारी, सायंकाळी ५.४०

+१. आणि आशाताईला विसरू नका. वाडीत कोण तापलंय, कोण रानात जातं, कुणाचं वासरू मेलं, हे तिच्या वहीत एकाच पानावर असतं.

---

तिळारीकाठ
२३ फेब्रुवारी, रात्री ९.१५

उशीर झाला, माफ करा. मध्ये गावी जाऊन आलो.

सोमवारी काजूबोंडू ताई म्हणतात तसंच झालं होतं, मला ते इथे लिहिल्यानंतर कळलं. आईने आशाताईला सांगितलं, तिने आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना गाठलं, त्यांनी स्वतः दोन फोन केले. अकरा वाजता तिन्ही खात्यांची माणसं आमच्या बागेत उभी होती. आई सांगत होती की पाच जण पांढऱ्या कपड्यांत आले, नमुना घेतला, वानर तिथेच जाळलं आणि काजीखाली पिठासारखी पावडर मारली. पातेरा दुसऱ्या दिवशीही पांढरा होता.

काल कळलं, वानराला माकडतापच होता. आईला दोन आठवडे होत आले, ताप नाही. वाडीतल्या दोघांना ताप आला होता, दोघांचं रक्त तपासून झालंय, एकाचा अहवाल निर्दोष आहे, दुसऱ्याचा यायचाय. तो दाखल आहे आणि जेवतो आहे.

खालची बाग महिनाभर बंद. म्हणजे ऐन हंगामातला निम्मा काजू पातेऱ्यातच कुजणार. आई मला म्हणाली, "रानात जाव नको सांगणा सोपा. मगे काजी कोण पुंजावतलो? आणि नाय पुंजावल्यार पैसे कोण देतलो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आंबेवाल्यांनी नुकसानीचा विषय काढला होता, तो मला आज जास्त कळतो. वानराने शहाळं फोडलं तर पंचनामा होतो. वानर मेल्यामुळे बाग सोडावी लागली तर कोणत्या रकान्यात लिहायचं?

---

आंबेवाला
२३ फेब्रुवारी, रात्री ९.४०

आई ठीक आहे हे वाचून बरं वाटलं. आमच्या ग्रामसभेत परवा हा विषय मांडला. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तिन्ही नंबर आणि आशाताईचं नाव रंगवायचं ठरलंय, रंग मी देतोय. भरपाईचा अर्ज तुम्ही लिहा, आमच्याकडच्या बागायतदारांच्या सह्या मी गोळा करतो.

---

तिळारीकाठ
२३ फेब्रुवारी, रात्री ९.५८

लिहितो, उद्याच.

एक मदत हवी आहे. आई परवापासून वरच्या काजीकडे जाणार, ती ऐकणारी नाही. आमच्या वाडीत एकोणीस घरं आहेत, तेलाच्या बाटल्या मिळाल्या सात. दोडामार्ग किंवा बांद्याच्या बाजूला कुठे शिल्लक असतील तर इथे लिहा. भाऊ मोटारसायकल घेऊन येईल.